आजीचा कॅल्शियमचा प्रश्न

"पॅरासिटामॉलनं ताप हलतच नाही जी," सात वर्षांच्या नातवाला पुढे करत आजी म्हणाली. मे महिना, चंद्रपूरचं ऊन. पोराचं अंग नुसतं भाजत होतं आणि कातडी कोरडी ठणठणीत. दर उन्हाळ्यात असंच व्हायचं. मलेरिया, टायफॉइड सगळं तपासून फाइल जाड झाली होती.

आधी ओल्या फडक्यांनी त्याला निववलं. मग तोंड उघडायला सांगितलं. घाम येत नाही म्हटलं की आम्हा त्वचारोगवाल्यांची नजर दातांकडे जाते. घर्मग्रंथी जन्मतःच नसतात त्या मुलांचे दात बहुतेकदा विरळ, टोकदार आणि केस तुरळक असतात. इथे दुधाचे दोन पडलेले, बाकी सगळे जागेवर. केसही दाट.

हातावर पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध सौम्य विजेनं कातडीत उतरवलं, वर घाम लागला की काळंनिळं होणारं आयोडीन आणि स्टार्चची पूड. पायलोकार्पिन मज्जातंतूला वगळून थेट ग्रंथीलाच हाक मारतं. तुलनेला वडिलांचा हात घेतला, त्यावर काळेनिळे ठिपके भराभर उठले. पोराचा हात पिवळाच राहिला. पुढे बायोप्सीत ग्रंथी अगदी व्यवस्थित निघाल्या. ते वाचून मी फाइल पुन्हा उघडली: आईवडील सख्खी आते-मामे भावंडं. म्हणजे आनुवंशिक दोषाची शंका.

जनुक तपासणीत दोष सापडला तो आयटीपीआर२ मध्ये, पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याचं दार घडवणाऱ्या जनुकात. पाकिस्तानातल्या एका कुटुंबात हाच आजार 2014 साली नोंदवला गेला होता. मज्जातंतूकडून ॲसिटिलकोलिन हा रासायनिक निरोप आला की ग्रंथीच्या पेशीत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, त्यानं क्लोराइडच्या वाटा उघडतात, मागोमाग सोडियम आणि पाणी बाहेर पडतं. तोच घाम. या पोराच्या पेशीत कणगी भरलेली, पण तिचं तोंडच उघडत नव्हतं.

"मंग कॅल्शियमच्या गोळ्या चालू करू का जी?" आजीनं विचारलं. प्रश्न चोख होता, इतका की शेजारचा इंटर्नही माझ्याकडे बघू लागला. पण रक्तातलं कॅल्शियम ठीकच होतं. गोळ्यांनी कणगीत भर पडली तरी तोंड बंदच राहणार.

यावर औषध नाही. उन्हानं अंग तापलं की पॅरासिटामॉल द्यायचं नाही, ओला बनियन घालायचा, फवाऱ्याची बाटली जवळ ठेवायची, दुपारी मैदान बंद. धाकट्या बहिणीलाही तपासणीला आणायला सांगितलं, कारण तिलाही चारात एक शक्यता होती. आणि मुख्याध्यापकांना चिठ्ठी दिली: या मुलानं वर्गात शर्ट भिजवून घेतला तर रागावू नये.