एकोण म्हणजे कुठलं ऊन?

दुसरीच्या वर्गात दहा संख्यांचं श्रुतलेखन घेतलं होतं. एका मुलाच्या चार चुकल्या. सवयीने चार फुल्या मारल्या, खाली लाल पेनने 'लक्ष देऊन ऐक' असं लिहिलं आणि मग पान नीट पाहिलं. एकोणतीस ३९, एकोणपन्नास ५९, एकोणसत्तर ७९, एकोणनव्वद ९९. नव्याण्णवलाही ९९, ते तेवढं बरोबर. लक्ष नसलेलं पोर इतक्या शिस्तीत चुकत नाही!

जवळ बोलावून विचारलं, "हे कसं लिहिलंस रे?"

"बाई, तीस ऐकू आलं की तीन. एकोण म्हटलं की नऊ."

बिनतोड. बत्तीस, तेहतीसमध्ये 'तीस' ऐकून तीन लिहायला मीच तर शिकवलं होतं.

कपाटात बोहरी आळीतून आणलेल्या आईस्क्रीमच्या काड्या होत्या, दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे. जूनपासून पडूनच. त्याला तीस मांडायला सांगितलं. तीन गठ्ठे मांडले.

"आता एकोण. म्हणजे एक ऊन."

"बाहेर पडतं ते?"

वर्ग खिदळला. मीही. "अरे, ऊन म्हणजे कमी. वजाबाकीत उणे म्हणतो ना, ते. एक काडी कमी कर बघू."

सुटी काडी एकही नव्हती. त्याने गठ्ठ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच एकाचा रबर काढला. दोन गठ्ठे, नऊ सुट्या. बराच वेळ तो नुसता बघत होता. मग वहीतल्या ३९ वर बोट ठेवून म्हणाला, "मग हे एकोणचाळीस झालं." पन्नासचे गठ्ठे त्याने न सांगता ओढले.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांची, उलट्या क्रमाची अडचण समजावत होत्या, आणि आम्ही शिक्षक खोलीत चहा पीत विनोद करत होतो. चिनी भाषेत एकवीसला 'दोन-दहा-एक' म्हणतात. दशक कानालाच कळतो. आपल्याकडे बावीसमध्ये एकक आधी, आणि एकोणतीसमध्ये तर वजाबाकी लपलेली. जुनी नावं मोडावीत असं मला आजही वाटत नाही, पण त्या विनोदांची लाज वाटते.

काड्या भरताना तो परत आला.

"बाई, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

"जा, डबा खा आधी," म्हटलं. दुसरं काय सांगणार!