उघड्या डोळ्याची बाहुली

मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आत्याने माझ्या बहिणीसाठी एक गुलाबी प्लास्टिकची बाहुली आणली होती. तिला आडवे केले की तिच्या निळ्या डोळ्यांवर पापण्या मिटत आणि उभे केले की त्या टक्क उघडत, आणि एवढ्या एका करामतीपोटी गल्लीतल्या मुली तिला पाहायला येत असत. वर्षभरात तिचा डावा डोळा बिघडला व आडवी केली तरी तो मिटेना. रात्री लाईट गेली की कंदिलाच्या उजेडात फडताळावर निजलेली ती बाहुली अर्धी झोपलेली आणि अर्धी जागी दिसे, आणि मी, म्हणजे घरातला मोठा मुलगा, वाकळ डोक्यावरून ओढून घेत असे.

आजीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, तिला झोप लागंना झाली, ती तुला काय करती?" तरीही तिने माझ्या समाधानासाठी बाहुलीच्या डोळ्यांवर एक चिंधी बांधली. त्याने भीती दुप्पट झाली, कारण आता ती चिंधीआडून पाहते आहे की नाही, हेही समजेनासे झाले.

नवल असे की आमच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगलेली असे, आणि तिची मला कधीच भीती वाटली नाही. तिचा अवतार मुद्दामच भेसूर केलेला होता, पण तिची नजर बाहेरच्यांसाठी होती आणि ती आमच्या बाजूची होती. भीती वाटली ती लाडाने घरात आणलेल्या, कडेवर घेतलेल्या, भातुकलीत जेवू घातलेल्या बाहुलीची. जिच्यात दिवसभर आपणच जीव ओततो, ती रात्री तो परत करत नाही, असे काहीसे ते होते.

हे केवळ आमच्याकडचेच खूळ नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडातील की वेस्ट येथे फोर्ट ईस्ट मार्टेलो नावाच्या संग्रहालयात रॉबर्ट नावाचा, खलाशाच्या पोशाखातला बाहुला काचेच्या पेटीत बसवलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो एका लहान मुलाला मिळाला, आणि घरातल्या मोडतोडीचा आळ त्याच्यावर येऊ लागला, अशी कथा सांगतात. (खोड्या कुणी केल्या असतील, हे कोणताही मोठा भाऊ सांगू शकेल.) त्याची परवानगी न घेता छायाचित्र काढल्याने आपल्यावर संकटे आली, असे मानणारे लोक त्याला आजही माफीची पत्रे पाठवतात. आपल्याकडे १९९३ साली 'झपाटलेला' आला, तेव्हा रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या तात्या विंचूच्या नकला आम्ही दिवसभर करत असू, आणि दिवेलागणीनंतर मात्र त्याचे नाव घेण्याची कुणाची छाती होत नसे.

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली असे मांडले की वस्तू माणसासारखी होत जाते तशी ती आपल्याला अधिक जवळची वाटते, परंतु हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे ती एकाएकी किळसवाणी वाटू लागते. आमच्या बाहुलीचा डावा डोळा नेमका त्या अलीकडच्या जागी अडकला होता.

पुढे बहिणीने तिचे डोके उपसून काढले, तेव्हा आत तारेने जोडलेल्या दोन गोट्या आणि गंजलेला लोखंडाचा एक तुकडा निघाला. त्या तुकड्याच्या वजनानेच पापण्या मिटत होत्या, आणि गंज चढल्यामुळे एक अडकली होती. इतक्या वर्षांचा धाक माझ्या तळहातावर मावला.

गेल्या महिन्यात परभणीच्या घरी मुलीची बोलकी बाहुली मध्यरात्री आपोआप हसली. सेल उतरल्याने आवाज जड आणि लांबलेला येत होता, हे मला पुरते ठाऊक होते. मी उठून सेल काढले, बाहुलीचे तोंड भिंतीकडे केले आणि झोपलो. सकाळी बायकोने हे कुणी केले म्हणून विचारले, तेव्हा मी मुलीचे नाव सांगितले.