कोल्हापूरच्या कातळात जीवाश्म का नाहीत, आणि शोधायचे तर कुठे

विहिरीच्या खोदाईत किंवा खडीच्या खाणीत गोल दगड निघाला की त्याचा फोटो ‘डायनासोरचं अंडं’ म्हणून फिरायला लागतो. तो काळ्या पाषाणाचा गोटा असतो. या पाषाणाला, म्हणजे बेसाल्टला, उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्यात पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत गोल गाभा उरतो. फोडून बघा, आतही तोच दगड. खऱ्या अंड्याचं कवच एक-दोन मिलिमीटरचं, कॅल्साइटचं (चुन्याच्या खनिजाचं) असतं. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. पण फसफसलं म्हणजे अंडं सापडलं असंही नाही, कारण बेसाल्टच्या पोकळ्यांतही कॅल्साइट भरलेलं असतं.

दुसरी हमखास फसगत म्हणजे दगडावरची काळी ‘नेच्याची पानं’. ती मँगनीज ऑक्साइडची नक्षी. भेगेच्या पृष्ठभागावरच पसरते, तिला मधली शीर नसते आणि फांद्या कुठूनही फुटतात.

इथे खरे जीवाश्म न मिळण्याचं कारण साधं आहे. आपल्या पायाखालचा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, बाहेर पडताना हजार अंशांहून जास्त तापलेला. त्यात हाडं टिकत नाहीत. दोन लाव्ह्यांच्या मध्ये मात्र कधी कधी बराच काळ उसंत मिळे, तळी साचत आणि त्यांच्या गाळात जीव गाडले जात. मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले, नागपूरकडे गोगलगायींचे शंख. आपल्याकडे दोन थरांमध्ये बहुधा तांबडी, भाजलेली मातीच दिसते. पन्हाळ्यावरच्या जांभ्यात तर आशाच नको. पावसाच्या पाण्याने त्यातलं विरघळणारं सगळं वाहून नेलंय, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलंय.

तरीही हा कातळ बिनकामाचा नाही, तो घड्याळ आहे. दगडातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. त्यातून तयार होणारा अरगॉन मोजून लाव्ह्याचं वय काढतात. वरच्या आणि खालच्या लाव्ह्याचं वय कळलं की मधल्या गाळातला बेडूक आपोआप त्या दोन आकड्यांत अडकतो. नमुना ताजा, न कुजलेला हवा. झिजलेल्या दगडातून अरगॉन निसटतो आणि वय कमी दाखवतं. ‘कार्बन डेटिंगने डायनासोरचं वय काढलं’ असं कुठे वाचलंत तर पुढे वाचू नका. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षं, साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजायला काही उरत नाही.

उत्क्रांतीबद्दल यातून काय कळतं, याचं उत्तम उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं. तिथल्या थरांत डायनासोरच्या हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. गवत डायनासोरांनंतरचं, हा समज त्याने मोडला. पाच प्रकार आधीच वेगळे झालेले म्हणजे गवताचं मूळ त्याहूनही मागे. हाडांकडे नुसतं बघून हे कधीच कळलं नसतं.

आपल्या भागात शोधायचंच असेल तर कातळ सोडा, नद्यांचे जुने गाळ बघा. घटप्रभेच्या खोऱ्यात गोकाकजवळ मिळालेल्या गेंड्याच्या अवशेषांचं वर्णन भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केलं. उभ्या कापलेल्या दरडीत, गोट्या आणि वाळू चुन्याने घट्ट चिकटलेला थर असतो तिथे नजर ठेवा. पूर ओसरल्यावर दरड ताजी असते, पण ढासळतेही, म्हणून तिच्या खाली बसू नका.

हाड दिसलं तर ओढू नका. आधी शेजारी पेन ठेवून फोटो, मग जीपीएस, मग दरडीच्या माथ्यापासूनची खोली आणि वर-खालच्या थरांचा रंग. थराची नोंद नसलेलं हाड कपाटात ठेवण्यापुरतंच. जनावराचं अलीकडचं हाड हलकं असतं, तुकडा जाळला तर केस जळाल्यासारखा वास येतो. खनिज भरलेलं जड लागतं. ओलं हाड उन्हात वाळवू नका, तडकतं. ओल्या कागदात, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून सावलीत हळूहळू वाळू द्या. फेविकॉल तर अजिबात नको: त्याचा थर वर बसतो, आत मुरत नाही, आणि पुढे प्रयोगशाळेत तो काढताना पृष्ठभागच सुटून येतो. थेट भूविज्ञान किंवा पुरातत्त्वाच्या जाणकाराला जागेवर बोलावणं बरं.