आमची वाटचाल : शीटला हात न लावता जाडी मोजताना

भोसरीत आमचं काम सुरू झालं ते मायक्रोमीटर आणि डायल गेजच्या दुरुस्तीपासून. गिऱ्हाईक बहुतेक शीट एक्स्ट्रूजनवाले, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून त्याची सलग शीट काढणारे: पीपी, पीएस, पेट या प्लॅस्टिकांची. जाडी तपासायची त्यांची रीत एकच. रोल उतरला की पट्टी कापायची, मायक्रोमीटर लावायचा, वहीत लिहायचं. तोवर पुढचा रोल निम्मा भरलेला असतो. माल पातळ निघाला तर परत येतो, म्हणून ऑपरेटर दोन टक्के जाडच चालवतो. ताशी 200 किलोची लाइन 20 तास चालली की ते दोन टक्के म्हणजे रोज 80 किलो प्लॅस्टिकचा दाणा फुकट गेला.

लाइनवरच मोजायचं तर बीटा किरणांनी मोजणारा बीटा गेज होता. पण त्यात किरणोत्सर्गी स्रोत, म्हणजे एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आला, सुरक्षा अधिकारी आला, आणि क्रिप्टॉन-85 चं अर्धायुष्य पावणेअकरा वर्षं, म्हणजे कधीतरी स्रोत बदलणंही आलं. शिवाय तो मोजतो जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं वजन, जाडी नव्हे. छोट्या कारखान्याला हे झेपत नाही. आम्ही प्रकाशाकडे वळलो ते त्यामुळे.

पहिली यंत्रणा सी-फ्रेमची, म्हणजे इंग्रजी ‘C’ च्या आकाराच्या चौकटीची. शीटच्या वर एक लेसर सेन्सर, खाली एक. दोघांमधलं अंतर माहीत असतं; त्यातून दोन्ही वाचनं वजा केली की उरते ती जाडी. कागदावर इतकंच. सेन्सर विकत मिळतो, पण शीट फडफडते त्याचं काय? ती सेकंदाला 100 मिलिमीटर वेगाने वर-खाली होत असेल आणि दोन सेन्सरांच्या वाचनांत एक मिलिसेकंदाचा फरक असेल, तर चूक 100 मायक्रॉनची. म्हणून दोघांना एकाच ट्रिगरवर बांधावं लागतं. दोन ठिपके एकमेकांपासून अर्धा मिलिमीटर सरकलेले आणि शीट दोन अंश कललेली असेल, तर आणखी 17 मायक्रॉन. पोलादी फ्रेमचा 200 मिलिमीटरचा खांब दहा अंशांनी तापला तर 24 मायक्रॉन. 500 मायक्रॉनच्या शीटवर ही जवळजवळ पाच टक्के चूक, आणि चैत्र-वैशाखात शेडमध्ये सकाळ-दुपारचा तेवढा फरक सहज पडतो. त्यामुळे आमची फ्रेम ठरावीक वेळाने शीटच्या कडेबाहेर येते, तिथल्या सिरॅमिकच्या तुकड्यावर शून्य जुळवते आणि परत जाते. तुकडा सिरॅमिकचाच, चकचकीत पोलादी गेज ब्लॉकवर लेसरचं वाचन भरकटतं.

पारदर्शक पेट आल्यावर ही पद्धत अपुरी पडली. लाल लेसर आत शिरतो, वरच्या आणि खालच्या दोन्ही पृष्ठांवरून परततो, आणि सेन्सर गोंधळतो. तिथे आम्ही क्रोमॅटिक कॉन्फोकल बसवतो. पांढऱ्या प्रकाशातला प्रत्येक रंग वेगळ्या उंचीवर केंद्रित होतो. कुठला रंग परतला यावरून पृष्ठ किती दूर ते कळतं, आणि एकाच बाजूने दोन्ही पृष्ठं दिसतात. फार पातळ फिल्ममध्ये मात्र दोन पृष्ठांची सिग्नलमधली शिखरं एकमेकांत मिसळतात, तिथे व्यतिकरणाची (दोन पृष्ठांवरून परतलेल्या प्रकाशलहरींच्या मिसळण्यावरून मोजायची) पद्धत घ्यावी लागते. गंमत अशी, की कॉन्फोकलच्या आकड्याला अपवर्तनांकाने (माल प्रकाश किती वाकवतो त्या अंकाने) गुणायचं असतं आणि व्यतिकरणाच्या आकड्याला भागायचं. ॲक्रिलिकला 1.49, पॉलिकार्बोनेटला सुमारे 1.58, न ताणलेल्या पेटला 1.57 आणि दोन्ही दिशांनी ताणलेल्या पेट फिल्मला जवळपास 1.65. रेसिपी बदलली आणि अंक तोच ठेवला, तर सगळ्या रुंदीवर एकसारखी चूक येते. आलेख सुरेख सरळ दिसतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

काळा मास्टरबॅच (रंगाचे दाणे) घातलेल्या किंवा नक्षीच्या शीटला आम्ही, शीट ज्या फिरत्या रोलवरून जाते त्यावर, सावलीची पद्धत वापरतो: रिकाम्या रोलची आणि शीटसकट रोलची उंची, दोन्हींतला फरक. त्यासाठी रोल किती फिरला ते सांगणारा एन्कोडर हवाच, कारण रोल कधीच पूर्ण गोल फिरत नाही. रिकाम्या फेरीचा नकाशा आधी साठवून ठेवतो. बहुथरी मालातला ईव्हीओएच या प्लॅस्टिकचा थर वेगळा मोजायला इन्फ्रारेड लागतं. ते काम आम्ही घेत नाही.

जागा निवडणं हा अर्धा धंदा. गेज चिल रोलनंतर (शीट थंड करणाऱ्या रोलनंतर), दोन जवळच्या आयडलरांच्या (शीटला नुसता आधार देणाऱ्या रोलांच्या) मधे. गरम शीटवरची हवा उन्हातल्या डांबरी रस्त्यासारखी थरथरते आणि किरण वाकवते. पीव्हीसीत प्लॅस्टिसायझरची (माल मऊ करणाऱ्या रसायनाची) वाफ सेन्सरच्या काचेवर बसते. त्यावर हवेचा झोत देतात, पण कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असलं तर काच आणखी लवकर खराब होते. ऑइल फिल्टर आम्ही किमतीत धरूनच देतो.

ऑपरेटरला शिकवायची मुख्य गोष्ट म्हणजे आलेख पाहून लगेच डायचे (शीट जिथून बाहेर पडते त्या साच्याचे) जाडी जुळवायचे बोल्ट फिरवायचे नाहीत. लाइन मिनिटाला 60 मीटर धावते आणि स्कॅनर दीड मीटर रुंदी दहा सेकंदांत कापतो. तेवढ्यात शीट दहा मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे रेघ आडवी दिसली तरी मोजमाप तिरकं आहे. आधी सेन्सर मध्यावर थांबवा. तिथेही आकडा वर-खाली होत असेल तर दोष स्क्रू, जाळी किंवा मेल्ट पंपाकडे शोधा. स्थिर असेल तरच बोल्टला पाना लावा. नेक-इनमुळे (डायमधून निघाल्यावर शीट रुंदीत आक्रसते त्यामुळे) कडेचा बोल्ट आणि गेजवरची जागा सरळ रेषेत येत नाहीत, म्हणून डायपाशी शीटवर खूण करून ती गेजपाशी कुठे येते ते मोजून तक्ता बनवतो.

बसवताना ठरलेला वाद: ‘मायक्रोमीटर वेगळं सांगतो.’ साठ अंशांवरची पीपी शीट थंड झाल्यावर साधारण 0.4 टक्के पातळ होते, आणि मऊ फिल्म मायक्रोमीटरच्या दाबाने दबते. तुलना खूण केलेल्या एकाच जागी, माल थंड करूनच करायची.

चौकशी करताना मटेरियल, रंग, जाडीची मर्यादा, रुंदी, लाइनचा वेग आणि गेजच्या जागी शीटचं तापमान कळवा. सोबत घडी न घातलेला, हातभर लांबीचा तुकडा पाठवा. किंमत त्यानंतरच सांगतो.