समास कापलेली शीट

लेहच्या एकोणिसाव्या शतकातल्या नकाशाच्या शीटचं जिओरेफरन्सिंग (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणं) झालं, आरएमएस एरर, म्हणजे बसवताना वापरलेल्या खुणांवरची सरासरी चूक, ४० मीटर आली. चार मैलांना एक इंच या प्रमाणात हे कागदावर जेमतेम ०.१६ मिमी, म्हणजे उत्तम. पण उपग्रहचित्रावर टाकल्यावर डाव्या तीरावरचा स्ताकना गोंपा (बौद्ध मठ) सिंधू ओलांडून उजव्या तीरावर! खडकावरचा गोंपा हलत नाही.

महाप्याच्या ऑफिसात पुढचे दोन दिवस यातच गेले. जोडणीत चूक नव्हती, हे मी ठामपणे सांगतो. असे नकाशे तुकडे करून कापडावर चिकटवलेले असतात. दोन तुकड्यांतली २ मिमीची फट जमिनीवर ५०० मीटर होते, म्हणून पूर्ण शीट एकदम बसवायची नाही. प्रत्येक तुकडा वेगळा, नकाशावर छापलेल्या अक्षांश-रेखांशांच्या जाळीच्या छेदांवर किमान ४ पॉइंट (ज्यांची खरी जागा सांगून नकाशा बसवतात त्या खुणा), फर्स्ट ऑर्डर, म्हणजे सरळ रेषा सरळच ठेवणारी जोडणी. पावसाळी हवेत कागद एका दिशेला जास्त फुगतो, तेही त्यात निघून जातं. एव्हरेस्ट १८३० या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरून जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर येताना या भागात शे-दीडशे मीटरचा फरक पडतो, तोही धरला होता. तरी सगळं पूर्वेला सरकलेलं, सगळीकडे सारखंच, पावणेचार किलोमीटर.

सहकाऱ्याने थर्ड ऑर्डर, म्हणजे नकाशा वाकवून बसवणारी जोडणी, सुचवली: नदीच्या वळणांवर दहा-बारा पॉइंट द्या, नकाशा बसेल. बसतो, पण ताणून. लेहजवळ सिंधूचे फाटे जागा बदलतात, त्यांना धरून डोंगर ओढायचे हे मला चुकीचंच वाटतं.

खरं कारण मूळ कागदाच्या समासात बारीक अक्षरांत छापलेलं होतं: रेखांशातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करा. जुनी मोजणी मद्रास वेधशाळेच्या ज्या रेखांशावर उभी होती, ते पुढे तारयंत्राने तपासल्यावर जास्त निघालं. लेहच्या अक्षांशावर तेवढ्याचे ३.७७ किमी होतात. आमचे सगळे पॉइंट जाळीवरचे, सगळ्यांत तीच चूक, मग आरएमएसला ती दिसणार कशी? आणि स्कॅन करणाऱ्यांनी समास कोरी कड समजून कापून टाकला होता.

दुरुस्ती लावल्यावर गोंपा डाव्या तीरावर आला. शेजारच्या शीटना मात्र ती सरसकट लावता येत नाही. नंतरच्या छपाईत जाळीच नवी, दुरुस्त केलेली असेल तर गाव तितकंच पश्चिमेला जाईल. त्यांचेही समास कापलेलेच आहेत, म्हणून प्रत्येकीवर खडकावरचा एखादा गोंपा शोधतोय. दोन शीटवर अजून सापडलेला नाही.