गाडी घ्याल, पण ठेवाल कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दोन-तीन दिवसांसाठी एखाद्या शहरात फिरायला निघालेली माणसं मला हमखास विचारतात, ‘तिथे गेल्यावर गाडी भाड्यानं घ्यावी का?’ मला गाडी चालवायला आवडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मी ‘घ्या की, बिनधास्त!’ म्हणेन अशी त्यांची समजूत असते. मी उलट विचारते, ‘रात्री ठेवणार कुठे?’ खोली कशी आहे, नाश्ता मिळतो का, खिडकीतून काय दिसतं, इथपर्यंत सगळी चौकशी झालेली असते. पार्किंगचा विषय कुणी काढलेलाच नसतो.

माझा सगळा विचार या एका प्रश्नाभोवती फिरतो, कारण शहरातल्या छोट्या मुक्कामात गाडी चालते थोडी आणि उभी राहते फार. तुमचाच एक दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी एखादं संग्रहालय, त्यात दोन-तीन तास सहज जातात. मग जेवण. दुपारी जुन्या वस्तीतून पायी भटकंती, संध्याकाळी नदीकाठ नाहीतर बाजार. यात गाडी हलणार तीन-चारदा, तीही प्रत्येक वेळी पाव तास. दर वेळी तिला नवी जागा शोधायची आणि भाडं मात्र पूर्ण चोवीस तासांचं भरायचं. त्यातून बऱ्याच शहरांनी मध्यवर्ती भागातलं पार्किंग मुद्दामच महाग ठेवलेलं असतं, बाहेरच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून. वेबसाइटवर भाडं बघून ‘अरे, स्वस्तच आहे की’ म्हणणाऱ्यांना पार्किंगचा आकडा धरला की कळतं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पैशांचं एक वेळ सोडा. जो गाडी चालवतो त्याची सहल होत नाही, हे मला जास्त खटकतं. बाकीचे दारात उतरून आत जातात आणि तो बिचारा गल्ल्यांतून जागा शोधत फिरतो. जागा मिळते ती दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर. मग मीटर संपायची वेळ डोक्यात ठेवून चित्रं बघायची, जेवताना घड्याळाकडे नजर. घरात ज्येष्ठ मंडळी आहेत, गुडघे दुखतात, म्हणून गाडी हवीच असं लोक म्हणतात, तेव्हा मी नेमकी याच कारणासाठी टॅक्सी सुचवते. टॅक्सी दारात सोडते आणि दारातून उचलते. स्वतः चालवत असाल तर आजींना एकटं फुटपाथवर उभं करून पार्किंग शोधायला जाणार, की त्यांनाही त्या भुयारी मजल्यांवरून चालवत आणणार?

आता काही शहरं तर तुमची गाडी नकोच म्हणतात. व्हेनिसला रस्ता पियाझ्झाले रोमापाशी संपतो, पुढे बोट नाहीतर पाय. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला जायचं तर गाडी अलीकडच्या टॅशला ठेवून रेल्वेनं जावं लागतं. लंडननं 2003 मध्ये मध्यवर्ती भागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क बसवलं, स्टॉकहोमनं 2007 पासून ते कायमचं केलं, मिलाननं 2012 मध्ये तोच मार्ग धरला आणि न्यूयॉर्कमध्ये जानेवारी 2025 पासून मॅनहटनच्या साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरलं की पैसे पडतात. यापेक्षा फसवा प्रकार इटलीतल्या जुन्या शहरांत आहे. तिथे गावाच्या गाभ्यात ठरावीक वेळी फक्त परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. ना फाटक, ना कुणी अडवणारा. एक पाटी आणि वर कॅमेरा. तुम्ही नकाशाच्या बाईचं ऐकत आत शिरता, फोटो निघतो, आणि दंडाचा कागद तुम्ही सहल विसरून गेल्यावर, काही महिन्यांनी घरी येतो. वर गाडी देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचे वेगळे पैसे कापते. हॉटेल अशा भागात असेल तर आधीच फोन करून गाडीचा नंबर त्यांच्याकडे नोंदवता येतो का ते विचारायचं. बऱ्याच ठिकाणी येतो.

म्हणजे गाडी कधीच घेऊ नये का? तसं नाही. शहर बघायला गाडी लागत नाही, शहराबाहेर पडायला लागते, असा माझा हिशेब आहे. समजा तीन दिवस आहेत आणि त्यातल्या एका दिवशी किल्ला, धरण, जंगल, दोन-चार विखुरलेली गावं असं काही बघायचं आहे, जिथे बस दिवसातून दोनदा जाते आणि परतीची शेवटची गाडी दुपारीच सुटते. मग त्या एका दिवसापुरती गाडी घ्या. पहिला दिवस पायी आणि मेट्रोनं फिरा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उचला, रात्री परत करून टाका. ती विमानतळावरून न घेता शहरातल्या शाखेतून घेतली तर विमानतळाचा वेगळा आकारही बहुतेक वेळा वाचतो. फक्त शाखेची वेळ तपासा, कारण शहरातल्या शाखा रविवारी बंद किंवा अर्धा दिवस असतात. बंद शाखेच्या पेटीत किल्ली टाकून निघता येतं, पण अनेक करारांत माणूस येऊन गाडी बघेपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते.

भाड्याचा दिवस कॅलेंडरचा नसतो, गाडी हातात आल्यापासूनचे चोवीस तास असतात, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सातला घेतलेली गाडी रविवारी रात्री नऊला परत केली तर थोड्याफार सवलतीच्या मिनिटांपलीकडे तिसऱ्या दिवसाचं भाडं लागू शकतं. आणि शुक्रवारी रात्री तुम्ही तसेही कुठे जाणार होतात? प्रवासानं दमलेलं, अनोळखी रस्ते, वर कदाचित रस्त्याची बाजूही उलटी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. परदेशात असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यासोबतच चालतो, एकटा नाही. तो कोणत्या करारानुसारचा आहे तेही बघा. 1949 चा जिनिव्हा करार आणि 1968 चा व्हिएन्ना करार, असे दोन प्रकार प्रचलित आहेत आणि सगळे देश दोन्ही मानत नाहीत. जपानला 1949 चाच लागतो. अनामत रक्कम सहसा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं असतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचा परवाना घेऊन काउंटरवर उभी राहिलेली जोडपी मी पाहिली आहेत. पंचविशीच्या आतल्यांना बऱ्याच ठिकाणी जादा आकार पडतो. गिअरची सवय नसेल तर ऑटोमॅटिक आधीच मागून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

विम्याबद्दल एवढंच पक्कं ध्यानात ठेवा की ‘इन्शुरन्स धरून’ लिहिलेलं असलं तरी नुकसानीचा पहिला हिस्सा सहसा तुमच्याच खिशातून जातो. तो किती, हे करारात आकड्यात लिहिलेलं असतं. काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग पुष्कळदा विम्याबाहेर असतो, आणि अनोळखी पार्किंगमध्ये घासतात नेमक्या याच गोष्टी. काउंटरवरचा माणूस जास्तीचं संरक्षण घ्या म्हणून गळ घालतो, तेव्हा मागे रांग असते आणि आपण प्रवासानं आंबलेले असतो. म्हणून हा निर्णय घरूनच घेऊन जावा.

आणि घेतलीच गाडी, तर निघण्याआधी दहा मिनिटं द्या. भुयारी पार्किंगच्या मिणमिणत्या दिव्यात ओरखडा दिसत नाही, त्यामुळे गाडी उजेडात आणा. फोनवर व्हिडिओ सुरू करून एका दमात प्रदक्षिणा घाला. चारही चाकांच्या कडांपाशी थांबा, फुटपाथला घासलेल्या खुणा तिथेच असतात. पुढच्या बंपरची खालची कड वाकून बघा. काचेवर खड्याचा टिपका आहे का ते बोट फिरवून बघा. शेवटी आत बसून किलोमीटर आणि इंधनाचा काटा टिपा. त्या काट्याशेजारी पंपाचं छोटं चित्र असतं आणि त्याला लागून बहुतेक गाड्यांत एक बारीक त्रिकोण असतो. तो ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण. अनोळखी गाडी घेऊन पंपावर चुकीच्या बाजूला उभं राहायची पाळी येत नाही. गाडी पेट्रोलवर चालते की डिझेलवर तेही तिथेच विचारून घ्या, चुकीच्या इंधनानं झालेलं नुकसान विमा सहसा भरत नाही. कागदावर जे ओरखडे नोंदलेले नाहीत ते तिथल्या माणसाकडून लिहून घ्या. तो म्हणेल, ‘एवढ्याशाचं काही नाही हो.’ तरी लिहून घ्या.

परत करताना टाकी शाखेजवळच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा. पुन्हा तीच प्रदक्षिणा, तोच व्हिडिओ. अनामत सुटायला काही दिवस लागतात, तोवर फोनमधलं काही पुसू नका.