बारा-तीनची सही

युनियनच्या कचेरीत वर्गणीच्या पावत्या फाडायचो, तेव्हा मागणीपत्र कसं लिहायचं ते मला अण्णांनी शिकवलं. "करार हातात आला की वाढीचा आकडा शेवटी बघायचा. आधी टेबलावर नसलेल्या माणसाचं कलम शोधायचं," हे त्यांचंच. पुढे एमपीएससीतून मी सरकारी कामगार अधिकारी झालो. युनियनवाले म्हणाले, पोरगा गेला. मालकमंडळी निवृत्तीपर्यंत मला 'लाल साहेब'च म्हणत राहिली.

लोकांना वाटायचं आम्ही निकाल देतो. तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आमच्यासारख्या समेट अधिकाऱ्याच्या हातात तारखा, रोजनामा आणि चहा, एवढंच असायचं. जमलं नाही की फेल्युअर रिपोर्ट वर पाठवायचा. पण एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसायची. युनियन आणि मालकाने आपसात केलेला करार सही करणाऱ्यांपुरता असायचा. तोच समेटात, आमच्यासमोर, त्या कायद्याच्या कलम बारा-तीनखाली झाला की कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा. सही न करणाऱ्यालाही, आणि उद्या भरती होणाऱ्यालाही. कंपन्या आमच्या पायऱ्या झिजवायच्या त्या यासाठी, प्रेमापोटी नव्हे.

नाशिकला होतो तेव्हाची गोष्ट. एका कारखान्याचा करार दीड वर्ष रखडलेला. युनियनतर्फे समोर अण्णाच. मसुदा सोळा पानी, मी सवयीने मागून वाचायला घेतला. शेवटून तिसरं कलम: यापुढे कायम होणाऱ्यांना वेगळी वेतनश्रेणी, मूळ पगार जुन्यांच्या जेमतेम निम्मा.

मॅनेजमेंटला बाहेर बसवलं.

"अण्णा, हे वाचलंत?"

"वाचलं. जुन्यांची वाढ त्यातूनच निघालीय."

"पोरांचं काय?"

"पोरं अजून सभासद कुठं आहेत?"

मी चिडलो. हे कलम काढा, नाहीतर आपसात सही करा, माझ्यासमोर नको, असं दोघांनाही सांगितलं. कंपनीचे वकील फाईल बंद करत शांतपणे म्हणाले, "मग साहेब, फेल्युअर द्या." फेल्युअर म्हणजे प्रकरण कोर्टात, आणि दीड वर्षाची थकबाकी किती वर्षं अडकेल ते आम्हा सगळ्यांनाच माहीत. अण्णांची निवृत्ती चार महिन्यांवर होती. त्यांच्यासारखे आणखी बरेच होते.

संध्याकाळपर्यंत घासाघीस केली. वरून दोन फोन आले, 'होतंय का मग?' एवढंच विचारायला. वरच्यांना आकड्यात एक समेट वाढलेला हवा असतो. शेवटी एवढंच पदरात पडलं की पाच वर्षांनी त्या श्रेणीचा 'फेरविचार करण्यात येईल'. 'येईल' या शब्दाची किंमत मला युनियनपासून माहीत आहे. तरी रात्री सव्वाआठला सही केली, शिक्का मारला. सहीखाली तारीख घालताना अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर दरवेळी वेगळं येतं.

पेढे वाटायला त्यांनी ट्रेनी पोरांनाच आणलं होतं. एकाने बॉक्स पुढे केला. "घ्या ना साहेब. पुढच्या वर्षी आम्हीपण पर्मनंट."

मी पेढा घेतला.